शाळांचा पैसा आणि कारभार स्थानिक पातळीवर सोपवला तर शिक्षण सुधारतं का? इतर देशांचा अनुभव काय?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. कारभार कोणी बघायचा आणि पैसा कुठून आणायचा, हे दोन वेगळे विषय आहेत आणि बहुतेक ठिकाणी घोळ तिथेच झालाय. माझं मत विचाराल तर शिक्षक नेमणं, गळकं छप्पर दुरुस्त करणं, वेळापत्रक ठरवणं हे सगळं खुशाल खाली द्या, पण पैसा गोळा करायचं काम वरच राहू दे.

असं का म्हणतो ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोवरून कळेल. तिथे शाळांना बराचसा आधार घरपट्टीचा. एजवूड हा गरीब भाग, अलामो हाइट्स श्रीमंत, दोन्ही त्याच शहराच्या परिसरात. १९६७-६८ साली एजवूडची लोकं १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत होती आणि अलामो हाइट्सवाले ०.८५, म्हणजे गरीबच जास्त दराने भरत होते, तरी एजवूडला स्थानिक करातून दर मुलामागे मिळाले २६ डॉलर आणि तिकडे ३३३! घरंच स्वस्तातली, त्यावर दर कितीही वाढवा, निघून निघून निघणार किती? १९६८ला एजवूडची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, पालक कोर्टात गेले, आणि १९७३ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ने हरले. एका मताने. मला हे वाचून अजून वाईट वाटतं.

अर्जेंटिनाने १९७८मध्ये प्राथमिक शाळा प्रांतांच्या गळ्यात मारल्या, सोबत पैसा दिलाच नाही.

ब्राझीलचं मला जास्त पटतं. १९९८पासून तिथे प्रत्येक राज्यात राज्य सरकार आणि नगरपालिकांच्या महसुलाचा ठरलेला हिस्सा एका फंडात जमा होतो आणि पटसंख्येप्रमाणे परत वाटला जातो, कमी पडलं तर केंद्र भर घालतं. शाळा चालवायची मात्र राज्याने किंवा नगरपालिकेनेच.

अर्थात वरून सोडलेला पैसा शाळेत पोचतोच असं नाही. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांच्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळेपर्यंत आले, बाकीचे मधल्या मधे जिल्ह्यातच जिरले, बऱ्याच शाळांना तर काहीच नाही. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली ते पेपरात छापायला सुरुवात केली आणि शाळांनाही मिळालेली रक्कम नोटीस लावून दाखवायला सांगितली. आपल्या शाळेचे किती येणं आहेत हे हेडमास्तरांना कळलं की ते जाऊन मागू शकतात, पालकही विचारू शकतात. त्यानंतर पैशांची गळती खूपच कमी झाली.