माफ केलं, मग तक्रारही मागे घ्यायची का?

प्रश्न: आईच्या ठेवीतला माझा वाटा थोरल्या भावाने माझी खोटी सही करून काढून घेतला. मी पोलिसांत तक्रार दिली. आता तो म्हणतो, ‘झालं गेलं विसरून जा.’ नातेवाईक आणि आमच्या चर्चचे पाळक सांगतात, ख्रिस्ती आहेस ना, क्षमा कर आणि तक्रार मागे घे. मला ते जमत नाही. अपराधी वाटतं म्हणून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेणंही थांबवलंय.

उत्तर: ताई, क्षमेच्या नावाखाली तुमच्याकडे तीन गोष्टी एकदम मागितल्या जात आहेत: सूड सोडा, पैसे सोडा आणि पूर्वीसारखा विश्वास ठेवा. यातली पहिली गोष्ट विश्वासणाऱ्याला टाळता येत नाही. उरलेल्या दोन भावाच्या वागण्यावर ठरतात.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोराला त्यांनी चारच दिवसांनी जाहीर क्षमा केली, १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेटही घेतली. तरीही तो २००० पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता.

‘सातांच्या सत्तर वेळा’ क्षमा कर, हे बायबलमधलं वचन तुम्हाला नक्की ऐकवलं असेल. त्याच अध्यायातल्या त्याआधीच्या ओळी (मत्तय १८:१५-१७) मात्र लोक सोयीस्करपणे गाळतात. आधी एकट्याने भेटून त्याचा अपराध त्याला दाखवायचा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, सांगायचं.

पहिल्या भेटीत लहानपणापासूनची गाऱ्हाणी काढू नका, नाहीतर मूळ मुद्दा तिथेच हरवेल. फक्त ही सही, ही तारीख, ही रक्कम. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात: ‘पण’ न लावता कबुली, पूर्ण आकडा आणि हप्त्यांच्या तारखा. (तो अंगावर धावून येणारा असेल, तर ही पायरी सोडा. एकटं जाऊ नका.) दुसऱ्या पायरीला दोघांपैकी कोणाचंही मिंधं नसलेलं माणूस निवडा आणि ठरलेलं कागदावर लिहून सह्या घ्या. नातेवाईकांच्या गराड्यात घाईने ‘माफ केलं’ म्हणू नका. तसं म्हटलं की पैशांचा विषय तिथेच मिटतो, आणि काही महिन्यांनी राग उसळला की दोष तुमच्याच विश्वासाला लागतो.

भरपाई मागण्यात लोभ नाही. बायबलमधल्याच लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे शंभराला एकशेवीस, परत करायला सांगितलंय. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर आपण होऊन चौपट देऊ केलं. तो वरचा हिस्सा किंवा काही मुद्दलही तुम्ही सोडू शकता. ती तुमची दया होईल, पण भावाने ती हक्काने मागायची नाही.

त्याच्याशी करुणेने वागायला दुसऱ्या वाटा आहेत. झेपतील एवढेच हप्ते ठरवा. त्याच्या मुलांना आणि बायकोला यात ओढू नका. प्रकरण नातेवाईकांच्या ग्रुपवर चघळू नका. आणि नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा, सुरुवातीला दात-ओठ खात केलीत तरी चालेल. राग पुन्हा आला म्हणजे क्षमा खोटी ठरत नाही. त्या दिवशी सूडाचा विचार पुन्हा सोडायचा, एवढंच.

प्रभुभोजनाचं म्हणाल, तर मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जा, हे ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला सांगितलंय. या व्यवहारात तो माणूस तुमचा भाऊ आहे. तुम्ही आत्मपरीक्षण करा आणि येत्या वेळी प्रभुभोजन घ्या.

तक्रार मागे घेण्याच्या कागदावर मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. खोट्या सहीच्या प्रकरणात असा कागद देऊन पुढची कारवाई थांबतेच असं नाही. पाळकांनी पुन्हा विषय काढला, तर दुसऱ्या पायरीला साक्षीदार म्हणून याल का, असं त्यांनाच विचारा.