पाठपिशवी : फ्री म्हणजे फुकट की मोकळं?

मागच्या अंकात गोरखगडाच्या गुहेतल्या एका रात्रीबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर मुक्कामालाच देऊन टाकते. ज्यांनी फक्त 'काकू, पुढच्या वेळी सोबत येऊ का' एवढंच विचारलंय, त्यांना वेगळं कळवीन. माझा वेग पाहिलात तर तुम्हीच नको म्हणाल.

काकू, मी घणसोलीला राहतो, ऐरोलीत आयटीमध्ये आहे. कॅम्पिंगवाले माणशी दीड हजार घेतात आणि रात्रभर स्पीकर लावतात. मला आणि दोन मित्रांना फ्री कॅम्पिंग करायचंय. स्वतःचा तंबू, लांबचा डोंगर, विचारणारं कोणी नको. कोकणकड्यावर जावं का? परवानगी लागतेच का?

अरे, आधी एक सांग. फ्री म्हणजे तुला फुकट हवंय की मोकळं हवंय? फुकट मिळेल, पण 'विचारणारं कोणी नको' हे सह्याद्रीत जमायचं नाही. आपल्याकडे लांबून ओसाड दिसणाऱ्या डोंगरालाही धनी असतो. वनखातं असतं, पुरातत्त्व खातं असतं, गावचं गायरान असतं, नाहीतर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर ते वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, म्हणून चढलेलं असतं. मी ठाणे कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होते. जमिनीचे दावे टाइप करून करून बोटं झिजली. बिनमालकाचा एक गुंठा मला त्या कागदांत भेटला नाही.

कोकणकडा म्हणजे हरिश्चंद्रगड, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. तंबू लावू द्यायचा की नाही, हे वनखातं ठरवतं. पाचनई किंवा खिरेश्वर या पायथ्याच्या गावी जाण्याआधी त्यांना विचार आणि नाही म्हणाले तर मुकाट्याने परत ये. शिवाय लांबच्या सुट्टीत कड्यावर इतके तंबू असतात की तुला घणसोलीच बरी वाटेल. संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांवर तर सूर्योदय ते सूर्यास्त हीच वेळ. तिथे मुक्कामाचा विषयच काढू नकोस.

आता माझी एक गोष्ट ऐक. ही मी आजवर लिहिली नव्हती.

१९८९ सालचा डिसेंबर. आम्ही पाच जण शेवटच्या एसटीने मुरबाडच्या पुढे उतरलो. पाडा दिसत होता, कंदील दिसत होते, पण एवढ्या रात्री कुणाला उठवायचं म्हणून (आम्हाला तो सभ्यपणा वाटला) कडेच्या एका खळ्यावर पथारी टाकली. चहाची हुक्की आली. रॉकेलचा स्टोव्ह भडकला, एकाने घाबरून तो लाथेने उडवला, तो थेट पेंढ्याच्या उडवीत. आम्ही कांबळी टाकून, माती टाकून विझवलं तोवर निम्मी उडवी गेली होती. तो पेंढा म्हणजे एका शेतकऱ्याच्या बैलांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा. आरडाओरड्याने तो स्वतःच आला. आम्हाला वाटलं, आता मार. त्याने राखेत काठी फिरवून निखारे पाहिले, आम्हाला कुठे भाजलंय का विचारलं आणि म्हणाला, "हाक मारली असती तर पडवी होती की." सकाळी त्याच्या बायकोने चहा दिला. आम्ही होते नव्हते ते पैसे पुढे केले, तर त्यातले थोडेच घेतले. पुढे दोन महिन्यांनी आम्ही पेंढा विकत घेऊन टेंपोने पाठवला. ती उडवी मला अजूनही झोपेत दिसते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. उजेडात पायथ्याच्या गावात पोचायचं. पोलीस पाटील, सरपंच नाहीतर पहिल्या घराच्या ओट्यावरची आजी, जे भेटेल त्यांना सांगायचं की आम्ही इतके जण, अमुक वाटेने वर जातोय, उद्या दुपारपर्यंत उतरू. मग तेच सांगतात की कातळात कोरलेल्या कुठल्या टाक्यात पाणी उरलंय, कुठल्या झाडावर आग्या मोहोळ बसलंय, कुठली वाट दरडीने गेली. ही माहिती मोबाइलवर मिळत नाही. भाकरी त्यांच्याकडूनच सांगून घे आणि तिचे पैसे नीट दे. रात्र फुकट, भाकरी नव्हे. तुम्ही उतरला नाहीत तर शोधायला हीच माणसं वर येतात, हेही लक्षात ठेव.

पहिल्या खेपेला तंबूच नेऊ नका. कल्याणहून एसटीने मुरबाड, तिथून म्हश्यावरून देहरी आणि गोरखगड. कातळात कोरलेली गुहा आहे, जवळ पाण्याची टाकी आहेत, समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. देहरीत सांगा, वर मुक्काम चालेल म्हणाले तरच जा. गुहेच्या वरचा माथा अंधारात चढू नका, त्या पायऱ्या उभ्या आहेत. आणि गुहेत चूल पेटवू नका. पूर्वी नाणेघाटाच्या लेण्यात आम्हीही झोपलोय. आज झोपणार नाही. तिथे भिंतीवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांचा, त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत. त्याच्यापुढे बटाट्याची भाजी शिजवून काजळी धरवायची म्हणजे आपल्या खापरपणजीच्या लुगड्याला हात पुसण्यासारखं आहे.

मुलगा अमेरिकेत कोलोराडोत असतो. तो म्हणतो, तिकडे सरकारी जमिनीवर कुठेही तंबू ठोका, एक पैसा लागत नाही. आपल्याकडे एवढे डोंगर असून असं का नाही? (कोपरखैरणेहून एक आई)

मुलगा बरोबर सांगतोय, फक्त 'कुठेही' हा शब्द जरा आखडता घ्यायला सांगा. तिकडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाच्या एका खात्याकडेच सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. अख्खा महाराष्ट्र साधारण साडेसात कोटी एकरांचा, म्हणजे आपलं राज्य तीनदा मावेल. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर एका जागी साधारण १४ दिवस फुकट राहता येतं, मग तळ हलवावा लागतो. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. सगळं आपलं आपण न्यायचं आणि आणायचं. उन्हाळ्यात वणव्याची भीती असली की शेकोटीवर बंदी येते. नॉर्वेत तर १९५७ च्या कायद्याने हा हक्कच दिलाय, पण राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर आणि जमीनमालकाला न विचारता एका जागी दोनच रात्री. म्हणजे तिथल्या मोकळिकीलाही टेपने मोजून दिलेली हद्द आहे.

आपल्याकडे डोंगर एवढे रिकामे कधी नव्हतेच. माचीवर गाव, पठारावर गुरं, घळीत देवराई. देवराईत तर काडीही उचलू नये आणि तंबूही लावू नये, मग तुमची श्रद्धा असो वा नसो. हिमालयात बुग्याळं, म्हणजे वरची गवताळ कुरणं, तंबूंनी इतकी तुडवली गेली की २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तिथल्या रात्रीच्या मुक्कामालाच मनाई केली. तो निकाल आला तेव्हा आमच्या ग्रुपातल्या मंडळींनी न्यायालयाला नावं ठेवली. मी तिथे आदल्या वर्षी जाऊन आले होते. गवतात नूडल्सची पाकिटं उचलताना माझी कंबर धरली होती, म्हणून गप्प बसले.

ताई, विचारायला संकोच वाटतो, पण डोंगरावर शौचाला कुठे जायचं? आणि पाळीचे दिवस आले तर? आमच्या कळव्याच्या ग्रुपमध्ये पाच मुली आहेत आणि मुलगे याबद्दल बोलतच नाहीत.

संकोच त्यांनी करावा, तुम्ही नको. मी तरुण होते तेव्हा आम्ही दोघीच मुली असायचो आणि पाणी न पिण्याचा उपाय करायचो. त्या उपायाने मी एकदा मूत्रमार्गाचं इन्फेक्शन घेऊन घरी आले. तुम्ही पाणी प्या.

पाठपिशवीत एक लहान खुरपं ठेवा. टाकं, झरा, ओढा आणि वाट, या सगळ्यांपासून निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब, वाहत्या पाण्याच्या वरच्या अंगाला तर नाहीच, वीतभर खोल खड्डा करायचा आणि काम झालं की मातीने बुजवायचा. अडचण अशी की आपल्या गडांच्या माथ्यावर कातळावर चार बोटंच माती असते. म्हणून उजेड असतानाच खाली कारवीच्या उताराला, जिथे माती भुसभुशीत आहे, तिथे जागा हेरून ठेवा. अंधारात हेडटॉर्च आणि एक मैत्रीण बरोबर. टिश्यू पुरू नका, माकडं आणि कुत्री उकरतात. ते आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून खाली आणायचे. मी जुना बोर्नव्हिटाचा डबा वापरायचे, तळाला थोडा खाण्याचा सोडा टाकून. वास येत नाही. पाळीचा कप वापरत असाल तर तो धुवायला टाक्याकाठी जाऊ नका, बाटलीतलं पाणी घ्या. टाक्यात हात, भांडी, पाय काहीच घालायचं नसतं. गावचे गुराखी तेच पाणी पितात. तुम्ही मात्र ते फडक्याने गाळून उकळून प्या, खळखळ उकळी एक मिनिटभर टिकली पाहिजे.

आणि हे सगळं निघण्याआधी मुलग्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. खड्डा त्यांनाही खणायचाच आहे.

कळंबोलीहून विचारतोय. छोटा गॅसचा डबा लोकलने नेला तर चालतो का?

नाही. ज्वालाग्राही सामान रेल्वेत चालत नाही, डबा छोटा असला तरी. आणि गर्दीच्या लोकलमध्ये तो कुणाच्या पायाशी असतो याचा विचार करा. एका रात्रीसाठी मी काहीच शिजवत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दोन कांदे. सकाळचा चहा गावात.

मानपाड्याहून एक गृहिणी. मुलगा येऊरच्या जंगलात रात्री राहायला जातो म्हणतोय. बिबट्याची भीती वाटते. सापांचं काय?

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे रात्री जंगलात शिरून राहणं बेकायदा आहे, त्यामुळे हा प्रश्न बिबट्यापर्यंत जाण्याआधीच संपला. त्याला सांगा, काकूंनी नाही म्हटलंय.

सापांचं मात्र सविस्तर सांगते, कारण बाकी कुठेही गेला तरी ते असणारच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपले चार जहरी. डोंगरात फुरसं दगडाखाली हमखास असतं, म्हणून सरपण गोळा करायच्या निमित्ताने कपारीत हात घालायचा नाही. पण रात्रीच्या मुक्कामाला मी खरी भिते ती मण्यारीला. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश एवढा बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं की उशीर झालेला असतो. म्हणून गुहेत झोपायचं तर तंबूचा आतला, जाळीचा भाग नाहीतर खाली खोचलेली मच्छरदाणी हवीच. खरकटं ठेवायचं नाही, त्याने उंदीर येतात आणि उंदरामागे साप. बूट झटकूनच पाय घालायचा. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं, हे वर जाण्याआधी गावात विचारून ठेवायचं.

खारघरचा कॉलेज विद्यार्थी. बजेट कमी आहे. आधी तंबू घेऊ की स्लीपिंग बॅग?

दोन्ही नको, आधी मॅट. थंडी वरून कमी आणि खालच्या कातळातून जास्त लागते. मॅट नसेल तर महागातली स्लीपिंग बॅगही पाठीखाली दबून निकामी होते. मॅटवर घरची गोधडी, कानटोपी, पायात कोरडे मोजे. हजार मीटर चढलास की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, वर वारा वेगळा. उरलेल्या पैशात हेडटॉर्च घे. तंबू मित्राचा माग. पावसाळ्यात आणि मे महिन्यात ढग गडगडत असताना उघड्या माथ्यावर तंबू लावायचाच नाही, तेव्हा तो महागाचा आहे की मागून आणलेला, विजेला फरक पडत नाही.

वय ६३, पाचपाखाडी. दोन्ही गुडघ्यांचं दुखणं. आयुष्यात एकदा उघड्यावर, चांदण्यांखाली झोपायचंय. हसू नका.

हसत नाहीये, आपण एका वयाचे आहोत. जानेवारीतली अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. चांदणं म्हणजे चंद्र हवा असेल तर पौर्णिमा, चांदण्या हव्या असतील तर अमावास्या, हे आधी ठरवून टाका. गाडीने पोचता येईल अशा एखाद्या गावात ओळखीच्या घरचं अंगण मिळवा. अंगणही तितकंच उघडं असतं आणि रात्री उठावं लागलं तर आत दिवा असतो. पण त्याआधी एक रात्र रंगीत तालीम करा. मॅट, गोधडी, कानटोपी, पाण्याची बाटली घेऊन तुमच्याच इमारतीच्या गच्चीवर झोपा. काय टोचतं, काय विसरलं, ते तिथेच कळेल. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असेल, त्यांना आधी विचारा.