रुईची चुलत बहीण

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली शेतकऱ्यांची पोरं बांधावरची बोंडं का तोडत होती?

उत्तर : लाइफ जॅकेटसाठी. त्यात भरायचा सावरीचा कापूस जावाहून येई. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं नि तो बंद झाला. मग नजर मिल्कवीडवर गेली, म्हणजे आपल्या रुईच्या कुळातलं तण! त्याचा तंतू पोकळ, मेणचट, म्हणून तरंगतो. बी तपकिरी झालेलं, पण न उकललेलं बोंड हवं. उकललं की म्हाताऱ्या उडाल्याच. बोंडं कांद्याच्या जाळीदार पोत्यात भरून पोतं कुंपणावर टांगायचं. जमिनीवर ठेवलं तर बुरशी धरते. दोन पोत्यांत एक जॅकेट भरे. वाळलेल्या पोत्याला २० सेंट मिळत. पोरांना तेवढे पुरेसे होते.