वाचकांचे प्रश्न : जेम्स बाँडचे व्हिडिओ गेम

प्रश्न : जेम्स बाँडवर १९८३ पासून आजवर कितीतरी गेम निघाले, तरी जाणकार अजूनही १९९७ च्या 'गोल्डनआय ००७'चेच नाव घेतात. हे निव्वळ जुन्या आठवणींचे प्रेम नव्हे काय?

उत्तर : आठवणींचा वाटा आहेच, परंतु तेवढ्याने या गेमची थोरवी उलगडत नाही. इंग्लंडमधील 'रेअर' कंपनीच्या एका लहानशा चमूने मार्टिन हॉलिस यांच्या नेतृत्वाखाली तो निन्टेंडो ६४ या घरी टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रासाठी तयार केला. ज्यावर तो बेतला होता तो 'गोल्डनआय' हा बाँडपट नोव्हेंबर १९९५ मध्ये आला आणि गेम ऑगस्ट १९९७ मध्ये. हा उशीर त्याच्या पथ्यावरच पडला, असे माझे मत आहे. कारण चित्रपटासोबत बाजारात उतरण्याच्या घाईत असे बहुतेक गेम कच्चे राहून जातात. आरंभी हा गेम ठरलेल्या मार्गावरून आपोआप पुढे सरकणारा नेमबाजीचा खेळ व्हायचा होता. पुढे खेळाडूला मोकळे फिरू देण्याचे ठरले, आणि चित्रपटाच्या सेटची छायाचित्रे समोर ठेवून आधी जागा उभारायच्या व मग त्यांत कामगिरी बसवायची, अशी पद्धत पडली. त्यामुळे त्या इमारतींत कुठेच न पोहोचवणाऱ्या खोल्याही सापडतात, आणि जागा खऱ्या वाटतात.

धरणाचा पहिलाच टप्पा पाहा. सोप्या पातळीवर धरणाच्या टोकापर्यंत पोहोचून उडी मारली की काम झाले. मधल्या पातळीवर तीच उडी मारण्याआधी सगळे अलार्म निकामी करावे लागतात, आणि सर्वांत अवघड पातळीवर त्यात गुप्त मोडेम बसवण्याची व शत्रूची माहिती हस्तगत करण्याची भर पडते. म्हणजे पातळी वाढते तेव्हा केवळ शत्रू चिवट होत नाहीत, तर हेराचे कामच वाढते. सायलेन्सर नसलेली बंदूक चालवली की आवाजाने जवळपासचे पहारेकरी धावून येतात, त्यामुळे गोळी झाडण्यापूर्वी विचार करावाच लागतो. बाँड म्हणजे नुसता गोळीबार नव्हे, ही गोष्ट या गेमने नियमांतून सांगितली, आणि नंतरच्या अनेक गेमना नेमके हेच साधले नाही.

एकाच पडद्याचे चार भाग करून चौघांनी खेळण्याची सोय अगदी अखेरच्या महिन्यांत जोडली गेली, तरी अनेकांच्या लक्षात तीच राहिली. त्यात ऑडजॉब हे बुटके पात्र निवडणाऱ्यावर नेम धरणे कठीण जाते, म्हणून त्याला मनाई करण्याचा प्रघात खेळाडूंनी स्वतःच पाडला, आणि तो मला रास्त वाटतो.

प्रश्न : जुने बाँड गेम आज विकत का मिळत नाहीत?

उत्तर : बाँडचे हक्क गेम कंपनीकडे ठराविक मुदतीपुरतेच असतात. अ‍ॅक्टिव्हिजनचे बाँड गेम २०१३ च्या सुरुवातीला ऑनलाइन दुकानांतून काढून घेण्यात आले, त्याचे कारण हेच. 'गोल्डनआय'ची गुंतागुंत आणखी मोठी होती : चित्रपटाचे हक्कदार एकीकडे, निन्टेंडो दुसरीकडे, आणि २००२ मध्ये रेअर मायक्रोसॉफ्टकडे गेलेली. सर्वांची संमती जुळून तो निन्टेंडोच्या स्विच आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम यंत्रांवर पुन्हा यायला जानेवारी २०२३ उजाडले. इतके महत्त्वाचे गेम करारांच्या कचाट्यात अडकून दिसेनासे व्हावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट किंवा डिस्क असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात.

प्रश्न : चित्रपटातील नटांचा स्वतःचा आवाज कोणत्या गेममध्ये ऐकायला मिळतो?

उत्तर : 'एव्हरीथिंग ऑर नथिंग'मध्ये पिअर्स ब्रॉस्नन, जुडी डेंच आणि जॉन क्लीझ यांचे आवाज आहेत, त्याची कथाही कोणत्याच चित्रपटातून घेतलेली नाही. २००५ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'साठी शॉन कॉनरी यांनी आपले संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले. चित्रपट १९६३ चा असल्याने पडद्यावरचा तरुण चेहरा आणि वयस्क आवाज यांतील अंतर जाणवते, तरी कॉनरींच्या चाहत्यांनी तो अवश्य ऐकावा.

प्रश्न : नव्या गेमकडून काय अपेक्षा ठेवावी?

उत्तर : 'आयओ इंटरॅक्टिव्ह'ने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलेला गेम जून २०२५ मध्ये '००७ फर्स्ट लाइट' या नावाने समोर आला. त्यातील बाँड २६ वर्षांचा असून त्याला अजून 'डबल-ओ' दर्जा, म्हणजे ठार मारण्याचा परवाना असलेल्या हेराचा दर्जा, मिळालेला नाही, आणि कथा स्वतंत्र आहे. वेषांतर करून, माणसांच्या हालचाली न्याहाळून, एकाच लक्ष्याकडे अनेक वाटांनी जाऊ देणारी 'हिटमॅन' मालिका याच कंपनीची आहे. हेराच्या कामाची इतकी बारीक जाण असलेल्या चमूकडे बाँड सोपवला गेला, ही निवड मला अगदी योग्य वाटते.