मुंबईचं कलम राहू द्या, आधी तारीख मोजा

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका वाचकाचं पत्र आहे. मार्च २०२४ मध्ये घरचे चौघं उत्तर नॉर्वेच्या सहलीला गेले: ट्रॉम्सो शहरातून गाडीने लोफोटेन बेटांवर, मग डोंगर-खाड्यांच्या कडेकडेने वर नॉर्डकाप या उत्तर टोकाला. पैसे भरले सुमारे १२ लाख. छापील कार्यक्रमात ‘मराठी बोलणारा मार्गदर्शक पूर्ण प्रवासभर सोबत’ असं होतं. ९ मार्चला ट्रॉम्सोला उतरले तर समोर फक्त स्थानिक ड्रायव्हर. मार्गदर्शक शेवटपर्यंत आलाच नाही, नॉर्डकापही हुकलं. कंपनी म्हणते, हवामान खराब होतं. या वाचकाचा प्रश्न असा, की बुकिंगच्या अर्जावर ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असं लिहिलंय, तर मुंबईला खेपा घालाव्या लागतील का?

नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नागपुरातच करा. अशी पत्रं नेहमी येतात आणि सगळ्यांना हेच मुंबईचं कलम छळत असतं. ज्यावर खरोखर सगळं अवलंबून आहे, ते मात्र कुणी विचारत नाही.

ते म्हणजे कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. मार्गदर्शक ९ मार्च २०२४ ला आला नाही, म्हणून मोजणी त्या दिवसापासून धरा. परत आल्याच्या तारखेपासून नको, कंपनीच्या शेवटच्या मेलपासून तर मुळीच नको. दोन वर्षं मार्च २०२६ मध्ये भरतात; हे उत्तर लिहिताना तुमच्या हातात पुरते तीन आठवडेही नाहीत.

तुम्ही लिहिता, ‘कंपनी बघतो म्हणत होती, म्हणून थांबलो.’ याचा मला खरंच राग येतो. पावणेदोन वर्षं ‘प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलं आहे’ याच एका वाक्याचे मेल येत राहिले आणि तुम्ही दर वेळी आभार मानलेत! पत्रव्यवहार सुरू ठेवल्याने किंवा वकिलाची नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. तक्रार मुदतीत आहे की नाही, हे आयोगाला स्वतःहून तपासावं लागतं. कंपनीने मुद्दा काढला नाही तरीही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. ‘ते आश्वासन देत होते’ हे कारण टिकेल, या भरवशावर मी तुम्हाला एक दिवसही थांबू देणार नाही. नोटिशीचा मसुदा घोळवत बसू नका. फेब्रुवारी संपण्याआधी ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार टाका. भरलेली रक्कम १० ते २० लाखांत असल्यामुळे शुल्क ४०० रुपये आहे.

आता नॉर्डकाप. तिथे तुमची बाजू अर्धी मजबूत, अर्धी कच्ची आहे. हिवाळ्यात स्कार्सव्होगपासूनचे शेवटचे १३ किलोमीटर स्वतःच्या मर्जीने गाडी नेता येत नाही. बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून, ठरलेल्या वेळी, ताफ्यानेच जावं लागतं आणि वादळ असेल तर ताफाही निघत नाही. तुमच्या नॉर्डकापच्या दिवशी, १४ मार्चला, रस्ता बंद असेल, तर कंपनीचं हवामानाचं कलम लागू पडेल. तो मुद्दा ताणू नका. पण तुमच्या पत्रात मध्येच एक ओळ आहे: ‘आम्ही फाटकापाशी पोहोचलो तेव्हा ताफा नुकताच निघून गेला होता.’ ताफा निघाला होता म्हणजे रस्ता चालू होता. उशीर झाला तो वेळा सांभाळणारं माणूस गाडीत नव्हतं म्हणून. हा सेवेतला दोष आहे. पत्नीच्या फोनमधला त्या फाटकाचा फोटो वेळेसकट जपा, फोन विकू नका. फोटो आणि व्हॉट्सअॅप संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. नॉर्वेच्या सरकारी रस्ते विभागाकडे त्या दिवसाची रस्त्याची स्थिती मेल करून विचारा, पण उत्तराची वाट बघत तक्रार अडवू नका. उत्तर नंतरही जोडता येईल.

दीड लाख रोख दिले आणि पावती घेतली नाही, असंही तुम्ही लिहिलंय. शिकलेल्या माणसांनी असं का करावं? परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनीला टीसीएस, म्हणजे ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर, घ्यावा लागतो. तुमच्या पॅनवरचा २६एएस हा कराचा उतारा आजच काढून किती रकमेवर कर घेतलाय ते बघा. रोख रक्कम त्यात धरलेली असेल तर पुरावा मिळाला. नसेल तर ते दीड लाख सिद्ध करणं कठीण जाईल.

भरपाई किती मिळेल, हे सांगता येणार नाही. सगळे १२ लाख परत मिळतील असं धरू नका. मुक्काम, गाडी, विमान तुम्ही वापरलंय. मार्गदर्शकाचा खर्च, हुकलेला टप्पा आणि मनस्ताप असे वेगवेगळे आकडे मागा. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, वर्षं जातात, आणि त्यात सामान्य माणसाचा दम निघतो हे मी रोज बघतो. कंपनीला लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर १५ दिवस जादा मिळतात. त्यापुढे मुदत देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलंय. ४६व्या दिवशी उत्तर आलं तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा.

कंपनीने आता पुढच्या सहलीसाठी ४० हजारांचं व्हाउचर देऊ केलंय. त्यासोबतच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असतील तर सही करू नका. तक्रार दाखल झाल्याची पावती हाती आली, की मूळ बुकिंग अर्ज आणि सगळे मेल छापून घेऊन या. मागणीच्या रकमा तेव्हा बसून ठरवू.