बेडका गिळू नको, बाय

बाय,

तुझ्या बाबांनी काल तुझ्या कफाच्या रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) होताच, आता स्यूडोमोनास नावाचा जंतू आलाय म्हणून पोरगी कालपासून धड जेवली नाय. मी लॅबमधला माणूस, औषध काय द्यायचं ते तुझे डॉक्टर ठरवणार, पण तुझी प्लेट, म्हणजे तुझ्या कफातले जंतू वाढवायची थाळी, मीच बघितलीय, म्हणून आधी ते सांगतो.

सकाळी इन्क्युबेटर उघडला तर प्लेटवर हिरवट निळी छटा आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास. ह्या जंतूची ओळख आम्हाला नाकाने आधी पटते. पण जंतूंच्या वसाहती पातळ, चपट्या, कडा वेड्यावाकड्या अशा होत्या, बुळबुळीत नव्हत्या. मला त्याचंच बरं वाटलं, कारण जुना मुरलेला स्यूडोमोनास बऱ्याचदा भेंडीच्या पाण्यासारखा तार सुटणारा असतो. तुमच्या विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्या आठव. पहिल्या पावसाचं शेवाळ खराट्याने घासलं की निघतं, चार वर्षं तसंच राहिलं तर कोयत्याने खरवडलं तरी खाली हिरवं राहतंच. हा जंतू फुफ्फुसात तेच करतो, स्वतःभोवती चिकट थर बांधतो आणि मग अँटिबायोटिक आत नीट पोचत नाय. तुझ्या आधीच्या सगळ्या रिपोर्टात तो नव्हता, म्हणजे हा पहिलाच. पहिला सापडला की २८ दिवस दिवसातून दोनदा टोब्रामायसिनची वाफ, तुला तीच दिलीय ना, त्याने बऱ्याच जणांचा निघून जातो. मुरल्यावर मात्र घालवणं फार कठीण, मग नुसता दाबून ठेवायचा. म्हणून एकही दिवस चुकवू नको गो, बरं वाटायला लागलं तरी नाय.

तुझी आज्जी सांगायची ना, लहानपणी मुका घेतला की तू खारट लागायचीस. दोष तोच, सीएफचा. पेशीतून मीठपाणी नेणारं दार नीट उघडत नाय, त्याचा जीन १९८९ साली सापडला. त्यामुळे घामातून मीठ जास्त जातं आणि छातीतला कफ आटलेल्या पेजेसारखा घट्ट होतो. आपल्या छातीत रोज थोडे जंतू जातातच, माझ्याही जातात, पण माझा कफ ते वर ढकलून देतो, तुझा ढकलू शकत नाय. लहानपणी स्टॅफ आणि हिमोफिलस हे जंतू, मोठं होताना स्यूडोमोनास, असाच क्रम बहुतेक पोरांत दिसतो. तू काही चुकीचं खाल्लंस किंवा पावसात भिजलीस म्हणून हे झालेलं नाय.

आता जे सांगायला बसलो ते. बरीच वर्षं झाली, एका मुलाचा नमुना आला होता, फॉर्मवर फक्त 'खोकला' लिहिलेलं, डबीत कफ कमी आणि लाळच जास्त. मी नेहमीच्या प्लेटा लावल्या आणि 'नॉर्मल फ्लोरा', म्हणजे नेहमीचे निरुपद्रवी जंतू, असं लिहून रिपोर्ट दिला. दोन वर्षांनी त्याचा नमुना परत आला तेव्हा प्लेटवर तार सुटत होती. त्या दिवशी मी डबी परत पाठवून नीट कफ मागायला हवा होता, फोन करून आजार विचारायला हवा होता, ते मी केलं नाय आणि ते मला अजून टोचतं.

म्हणून दर तीन महिन्यांनी नमुना द्यायचा, छाती ठणठणीत वाटत असेल तरी द्यायचा. सकाळी चूळ भरून, आधी वाफ आणि फिजिओ, म्हणजे कफ सुटायचा छातीचा व्यायाम, करून, खोलवरून आलेला कफ डबीत घ्यायचा, लाळ नको. कफ येतच नसेल तर घशाचा स्वॅब घेऊ. फॉर्मवर 'सिस्टिक फायब्रोसिस' हे शब्द लिहिलेत का ते स्वतः बघ, कारण त्यावरून आम्ही बर्कोल्डेरिया नावाच्या जंतूसाठी वेगळी प्लेट लावतो आणि ती पाच दिवस ठेवतो, नायतर दोन दिवसात सगळं कचऱ्यात जातं.

आणि हॉस्टेलवर गेलीस की बेडका गिळू नको. मुली गिळतात, मला माहितीय, रूममेट काय म्हणेल म्हणून खोकला दाबतात आणि वर 'मला कफ येतच नाय' असं डॉक्टरला सांगतात. टिश्यू ठेव, झाकणाचा डबा ठेव, पहिल्याच आठवड्यात रूममेटला सांगून टाक की हा टीबी नाय आणि तुला लागणार नाय. तू स्वतः सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्यास घामातलं मीठ मोजून सीएफ ओळखायची टेस्ट होईपर्यंत, त्यामुळे ते नाव तुला किती बोचतं ते कळतं मला.

नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशीनचा, कप रोज साबणाने धू, वेगळ्या टोपात पाच मिनिटं उकळ आणि स्वच्छ फडक्यावर पंख्याखाली सुकव. आपल्याकडे जुलैत टॉवेल चार दिवस वाळत नाय, कपाचंही तसंच, आणि ह्या जंतूला ओल फार आवडते, म्हणून मोरीपाशी किंवा बेसिनच्या कडेला अजिबात ठेवू नको. दोन कप घे, एक वापरात एक सुकत. आत फक्त औषधाच्या कुपीतलं सलाईन, विहिरीचं नाय, फिल्टरचंही नाय.

समुद्राची हवा चांगली म्हणून मामा तुला रोज किनाऱ्यावर नेतो, जा खुशाल, ऑस्ट्रेलियात लाटांवर सर्फिंग करणाऱ्या सीएफच्या पोरांची छाती बरी राहते हे बघूनच ७ टक्के मिठाच्या वाफेवर संशोधन झालं. पण ते मोजलेलं मीठ मशीनमधून आत जातं, नुसतं वाळूत बसून तेवढं जात नाय, वाफ चुकवायची नाय. उन्हात फिरलीस तर मात्र जेवणात मीठ वाढव, पेजेत टाक, सोलकढीत टाक. लावणीच्या चिखलात यंदा उतरू नको, किनारपट्टीच्या मातीत पावसाळ्यात मेलिऑइडोसिस नावाच्या आजाराचा जंतू असू शकतो आणि तो तुझ्यासारख्या छातीला वाईट. गोठ्यातला कुबट पेंढाही काढायला जाऊ नको, त्यात बुरशी असते.

चिपळूणच्या त्या मुलीला भेटायचंय म्हणत होतीस, तिलाही सीएफ आहे ना. व्हिडिओ कॉलवर तासभर बोला, पण भेटू नका, एकीचा जंतू दुसरीला लागतो. हे सांगताना मलाच वाईट वाटतं.

तीन डब्या बाबांकडे देतोय, झाकणं उघडून बघू नको, आतून निर्जंतुक आहेत. २८ दिवस झाले की डॉक्टर सांगतील त्या तारखेला एक दे. सोमवारी सकाळच्या एसटीने पाठव, शनिवारी नको, रविवारी प्लेट बघायला कोणी नसतं.

तुझा
लॅबवाला काका