कडी बाहेरून होती

*मावशी, मी चित्रकार आहे. लहानपणी बाबा आईला मारायचे. तेव्हा आई आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि आम्ही भावंडं बाहेर. बाबा आता नाहीत. त्या घरावर मी चित्रांची मालिका केली आहे आणि एका गॅलरीने प्रदर्शनासाठी विचारलंय. भाऊ म्हणतो, गेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणू नकोस. आईकडूनही आधार नाही. एकदा स्टुडिओत आली, सगळ्यात मोठ्या चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘कडी आतून नव्हती, बाहेरून होती.’ एवढ्या कामात तिला दिसली ती कडी! प्रदर्शन करू की नको?*

तुझ्या मूळ पत्रात भावाने तीन पानं अडवली आहेत. आईच्या वाट्याला आलंय एक वाक्य, आणि तेही तक्रार म्हणून. मला राग आला, तो त्याचाच.

अगं, काय म्हणाली ती ते ऐकलंस का? कडी आतून असेल, तर आई स्वतःला वाचवायला आत गेली आणि तुम्हाला त्या माणसाबरोबर बाहेर सोडून दिलं. कडी बाहेरून असेल, तर तिला कोंडलं होतं. तुम्ही बाहेर रडत होतात आणि तिला येता येत नव्हतं. तू वर्षानुवर्षं पहिली गोष्ट खरी धरून चाललीस. पत्रातसुद्धा ‘दार लावून घ्यायची’ असं सहज लिहून गेलीस. आईने ते कॅनव्हासवर पाहिलं आणि जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते पाच शब्दांत सांगितलं. तू त्याला खोड काढणं समजलीस.

१९८४ साली अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिनला तिच्या जोडीदाराने बेदम मारलं. महिन्याभराने तिने स्वतःचा फोटो काढला. डोळा काळानिळा, त्यात रक्त उतरलेलं, ओठांना लाल लिपस्टिक, नजर थेट समोर. पुन्हा त्याच्याकडे जायचं नाही, याची आठवण म्हणून. तो चेहरा तिचा होता, दाखवायचा की नाही हे तिने ठरवलं. तुझ्या कॅनव्हासवर मार खाणारं शरीर आईचं आहे. बाबांची अब्रू हा भावाचा मुद्दा मला बिलकूल पटत नाही, पण आईला विचारलंस का, हा प्रश्न तुला टाळता येणार नाही.

आणखी एक सांगते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या अतिशय क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहिल्या लिहिल्या जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तुझ्या चित्रांत काय वाटलं ते ओतप्रोत आहे, यात शंका नाही. काय घडलं ते मात्र तुला अर्धंच ठाऊक आहे, कारण तू दाराच्या एकाच बाजूला होतीस.

तेव्हा गॅलरीला आजच कळव की तारीख नंतर सांगते. मग आईला स्टुडिओत बोलाव. त्या चित्रासमोर दोन खुर्च्या मांड. भाऊ नको, चहापाण्याचा घोळ नको, फोनवर रेकॉर्डिंग तर अजिबात नको. एवढंच विचार: ‘आई, कडी बाहेरून होती, तर मग दार उघडायचं कोण?’ आणि गप्प बस. मध्येच तिचं सांत्वन करायला जाऊ नकोस, स्वतःची बाजू तर मुळीच मांडू नकोस. ती थांबली की विषय थांबव. त्या रात्री तिला एकटं ठेवू नकोस, कारण बोलून झाल्यावर आधी त्रासच होतो.

नंतर ती म्हणाली की ही चित्रं लोकांना दाखवू नकोस, तर तिची चित्रं बाजूला काढ आणि तू जे स्वतः सोसलंस त्याचं प्रदर्शन कर. हो म्हणाली, तर आधी कडी दुरुस्त कर. रंग वाळायला वेळ लागला तर गॅलरी थांबेल.

आणि भावाने पुन्हा अब्रूचा विषय काढला, तर त्याला आईकडे पाठव. तोही त्याच दाराबाहेर उभा होता.